बियांचा डाव

बोट मांडवीत नांगरून ठेवली
आणि आम्हांला घरी पाठवलं.
पणजीहून मयेला शेवटच्या बसमध्ये चौघं,
चार कोपरे वाटून घेतलेले.
माझ्या अंगात काळा वेस्टकोट तसाच.

तीन वर्षं मी रात्रीची माणूस.
आता रात्री दोनला डोळे टक्क
आणि घोरायला सगळं गाव.
मी गोधडीच्या घडीवर पत्ते पिसत बसते,
आवाज होऊ नये म्हणून.
हातांना कुणी सुट्टीचं सांगितलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात दुकानं बंद.
पोदेराचा भोंपू नाही, मासळीवालीची हाळी नाही.
आईने सुक्या बांगड्याचं हुमण केलं,
मग बांगडे संपले, तेव्हा नुसतंच हुमण.
बाबा वाटीत चमचा फिरवत म्हणाले,
"बांगडो न्हावपाक गेला."
त्या आठवड्यात ते एवढंच बोलले.

भाटात बोंडू पडतच होते.
आई पहाटे तोंडाला ओढणी बांधून जायची
(माझी ओढणी, चमकीची, वाढदिवसाची)
आणि बिया पिळून आणायची.
व्यापारी फोन उचलेना.
दोन पोती सोफ्यावर पाहुण्यांसारखी बसली.

म्हणून मग बियांनी खेळायचं ठरलं.
बारकी दहाची, जाडी शंभराची,
जुळी सापडली तर पाचशे.
आई पत्ते न बघताच खेळते.
"बघितले की भीती वाटते," म्हणते,
आणि न बघता माझ्या चार हजारांच्या बिया ओढून नेते.
मग पदरात घेऊन विचारते,
"ह्याचा तुला पगार देतात?"

बाबा उंबऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून.
तीन वर्षं ते लोकांना सांगत आलेत,
पोर हॉटेलात आहे.
ते स्वतः बार्जवर खलाशी.
खाणी बंद झाल्या आणि बार्ज
सारमानसच्या धक्क्याजवळ बांधली ती बांधलीच,
तिच्या डेकवर आता गवत आहे म्हणतात.
त्याआधीचं एक वर्ष
आम्ही दोघं एकाच नदीवर होतो.
रात्री माझ्या गोल खिडकीतून
लाल माती भरलेल्या बार्ज जाताना दिसायच्या,
पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या.
त्यांना माझे दिवे दिसत असणार.
हे दोघांनीही घरी कधी काढलं नाही.

बारावी की तेरावी रात्र असेल.
ते पाणी प्यायला उठले, मला बघून थांबले.
तांब्या खाली ठेवला.
"पयले पंदरा दीस त्रास जातात," म्हणाले,
"मागीर…"
पुढचं सांगितलंच नाही.
गोधडीसमोर मांडी घातली
आणि बोटाने खूण केली: वाट.

मी शिकवलं. किती धरायचं, कधी सोडायचं,
आणि कितीही चांगले पत्ते आले तरी
हिशेब असा बांधलेला असतो की
शेवटी घर जिंकतं.
त्यांनी वर बघितलं.
"मग ह्या घराला सांग,
मे संपायच्या आत कौलं परतून घे."
आई झोपेत हसली,
किंवा झोपलीच नव्हती.

एक सवय मात्र मी शिकवली नव्हती.
टेबल सोडताना डीलरने टाळी वाजवायची,
तळहात उलटेसुलटे दाखवायचे,
छतातल्या कॅमेऱ्याला कळावं
की काही नेलेलं नाही.
घरी भात वाढूनही मी हे करते,
साबणाने हात धुतल्यावरही करते.
आई म्हणते, दृष्ट काढतेस काय स्वतःची?

पहाटे चारला बाबा उठले.
सगळ्या बिया पोत्यात ओतल्या, मोजल्या नाहीत.
मग कोंबडा आरवायच्या आधीच्या त्या अंधारात
त्यांनी हळूच एक टाळी वाजवली,
दोन्ही तळहात कौलांकडे धरले, उलटे केले, परत सुलटे.
बियांच्या तेलाने ते काळे झाले होते.
हा डाग चार-पाच दिवस जात नाही,
साबणाने तर नाहीच.